शंभरात एक मेलेले जनावर: डायक्लोफिनॅक, गिधाडे आणि जोखमीचे गणित

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांची घरटी होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी तिथल्या नोंदी चालू ठेवल्या आणि १९९० चे दशक संपता संपता ही संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घसरल्याचे दाखवून दिले. मग हाच प्रकार देशभर आहे का, हे पाहणे आले. १९९१ ते १९९३ या काळात ज्या रस्त्यांवरून जात शिकारी पक्षी मोजले होते, त्याच रस्त्यांवर २००० साली पुन्हा मोजणी झाली. घट ९० टक्क्यांवर निघाली. २००७ च्या मोजणीत पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ च्या तुलनेत ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून ९६.८ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. कोणत्याही शिकारीशिवाय, कोणताही मोठा अधिवास पुसला न जाता, पंधरा वर्षांत हजारातले एक उरले.

माणसाच्या एखाद्या कृतीमुळे परिसंस्थेला किती धोका आहे, हे मोजण्याची पद्धत समजून घ्यायला हे प्रकरण फार मोलाचे आहे. इथे कारण (गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक) सिद्ध झाले, विषाची मात्रा मोजली गेली, मढ्यांतले औषध मोजले गेले, गणित जुळले, बंदी आली आणि बंदीचा परिणामही त्याच पद्धतीने पुन्हा मोजला गेला. एवढी सलग साखळी क्वचितच मिळते. आणि या साखळीत एक गोष्ट सतत समोर येते: ‘प्रमाण अगदी नगण्य आहे’ हे वाक्य जोखमीबद्दल काहीच सांगत नाही. कोणासाठी नगण्य, वर्षातून किती वेळा, आणि तो जीव ती झीज भरून काढू शकतो का, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आधी काय वगळावे लागले

मूल्यांकनाची सुरुवात ‘काय वाचवायचे’ इथून होते. ‘पर्यावरण’ हे उत्तर चालत नाही, कारण ते मोजता येत नाही. या प्रकरणात मोजायची गोष्ट ठरली ती प्रौढ गिधाडांचे वार्षिक जगण्याचे प्रमाण. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्यांची संख्या प्रौढांच्या दीर्घायुष्यावर टिकते. एखाद्या वर्षी सगळी पिल्ले मेली तरी वसाहत सावरते. पण दरवर्षी दहातला एक जास्तीचा प्रौढ मेला तर सावरत नाही.

संशयित बरेच होते. अन्नाचा तुटवडा, घरट्यांची मोठी झाडे तुटणे, डीडीटीसारखी कीटकनाशके, एखादा विषाणू. यातले एकेक कसे बाद झाले, ते बघण्यासारखे आहे. मेलेले पक्षी चांगल्या अंगाचे होते, हाडाला कातडे चिकटलेले नव्हते. म्हणजे उपासमार नाही. लांब चोचीची गिधाडे कड्यांवर घरटी करतात, त्यांना झाडांशी देणेघेणे नाही, तरी तीही कोसळत होती. डीडीटीचा मार अंड्यांच्या कवचावर बसतो आणि प्रजनन थांबते. इथे तर पूर्ण वाढलेले पक्षी झाडावरून पडून मरत होते. उरला रोग. बराच काळ सगळ्यांचा रोख संसर्गावर होता, कारण गिधाडे मान खाली टाकून तासन्‌तास बसलेली दिसत आणि ती आजाराची खूण मानली गेली. पुढे लक्षात आले की उन्हाच्या तडाख्यात निरोगी गिधाडेही मान टाकून बसतात. जे लक्षण निरोगी पक्ष्यातही दिसते का हे तपासलेले नाही, त्यावर अख्खी तपासणी उभी करू नये. या घाईत वर्षे गेली.

निर्णायक काम पाकिस्तानी पंजाबात झाले. पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि पेरेग्रीन फंड या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी २००० ते २००३ या काळात वसाहतींखालून मेलेली गिधाडे गोळा केली. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी ८५ टक्क्यांत व्हिसरल गाऊट होता. पक्षी नायट्रोजनचा निचरा युरिक आम्लाच्या रूपात करतात. मूत्रपिंड बंद पडले की ते आम्ल रक्तात साठते आणि यकृत, हृदय, मूत्रपिंडावर खडूसारखा पांढरा थर धरतो. म्हणजे घाव मूत्रपिंडावर होता, पण घालणारा कोण ते कळत नव्हते. जड धातू, कीटकनाशके, विषाणू, जिवाणू यांच्या चाचण्यांतून उत्तर आले नाही.

धागा मिळाला तो गुरांच्या औषधांच्या दुकानातून. गिधाडांचे अन्न म्हणजे पाळीव जनावरांची मढी. मग त्या जनावरांना काय दिले जाते, हे डॉक्टरांना आणि दुकानदारांना विचारले गेले. मूत्रपिंडाला इजा करणारे, तोंडावाटे गेले तरी शोषले जाणारे आणि सर्रास वापरातले, अशा तिन्ही अटींत बसणारे औषध एकच निघाले: डायक्लोफिनॅक. मग मेलेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडात ते शोधले. गाऊट असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांत सापडले. गाऊट नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर तोच गाऊट, तोच मृत्यू. हा निष्कर्ष २००४ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांतही हेच चित्र दिसले.

किती पुरते

मूल्यांकनाचा दुसरा भाग मात्रेचा. पांढऱ्या पाठीच्या गिधाडासाठी निम्मे पक्षी मारणारी मात्रा किलोमागे सुमारे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम निघाली. पक्षी पाच किलोचा धरला तर अर्धा ते एक मिलिग्रॅम. कोंबडीसाठी हीच मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास आहे, आणि अमेरिकेतले टर्की गिधाड तर किलोमागे २५ मिलिग्रॅम देऊनही मेले नाही. नाव ‘गिधाड’ असले तरी ते वेगळ्या कुळातले. त्याच्यावर किंवा कोंबडीवर चाचणी घेऊन कोणी ‘पक्ष्यांना सुरक्षित’ असा शेरा मारला असता, तर तो आशियाई गिधाडांच्या बाबतीत पन्नास ते शेकडो पटींनी चुकला असता. एका जातीची सहनशीलता दुसरीला लावताना म्हणूनच शंभरपटीची सुरक्षा-मर्यादासुद्धा अपुरी पडू शकते.

आता जनावराची बाजू. तीनशे किलोच्या गाईला किलोमागे १ मिलिग्रॅमप्रमाणे ३०० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक टोचले जाते. गाईच्या रक्तातला त्याचा अर्धायुकाल, म्हणजे औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे १२ तास. ढोबळ हिशेबाने चोवीस तासांनी ७५ मिलिग्रॅम, अठ्ठेचाळीस तासांनी १९, बहात्तर तासांनी ५ मिलिग्रॅमच्या आत. जनावर जगले तर औषध निघून जाते. मेले तर निचरा तिथेच थांबतो आणि त्या क्षणी अंगात जेवढे आहे तेवढे मढ्यात राहते. तेही सगळीकडे सारखे नाही: यकृत, मूत्रपिंड, आतडी आणि सुई टोचलेली जागा इथे जास्त. गिधाडांचा थवा मऊ अवयवांवर आधी तुटून पडतो. सुई दिल्यावर एकदोन दिवसांत मेलेल्या जनावरातले, विशेषतः या अवयवांतले, एक किलोचे जेवण गिधाडाला मारायला पुरू शकते.

इथे एक बारकावा आहे, आणि अनेक अहवाल तिथेच घसरतात. ‘देशातल्या किती टक्के गुरांना हे औषध दिले जाते’ हा आकडा इथे उपयोगाचा नाही. औषध कोणाला दिले जाते? ज्या जनावराला कासदाह झालाय, जे लंगडतेय, ज्याचे वेत अडलेय, ज्याला ताप उतरत नाही त्याला. म्हणजे जे मरण्याची शक्यता जास्त, त्यालाच शेवटच्या दोन दिवसांत सुई मिळते. जिवंत गोठ्यातले प्रमाण कमी असले तरी मढ्यांतले प्रमाण कितीतरी जास्त असू शकते. शिवाय आपल्याकडे मेलेली गाय बहुतेक वेळा खाल्ली जात नाही; कातडे निघाले की सबंध मढे उघड्यावर जाते. कत्तलखान्यातले नमुने घेऊन काढलेले अनुमान म्हणूनच हमखास कमी येते, कारण तिथे मुद्दाम धडधाकट जनावर आणतात.

एक टक्क्याच्या आतला सर्वनाश

पुढचे गणित कोणालाही वहीवर करता येईल. गिधाड साधारण दर तीन दिवसांनी पोटभर खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२२ जेवणे. प्रत्येक जेवण वेगळ्या मढ्यावर धरा. वर्षभर वाचण्याची शक्यता म्हणजे ‘हे मढे घातक नाही’ ही शक्यता स्वतःशीच १२२ वेळा गुणायची. त्यातून निव्वळ औषधामुळे होणारे वार्षिक मृत्यू असे येतात:

दर २००० मढ्यांत १ घातक: सुमारे ६ टक्के
दर १००० मध्ये १: सुमारे ११ टक्के
दर २०० मध्ये १: सुमारे ४६ टक्के
दर १०० मध्ये १: सुमारे ७१ टक्के

प्रत्यक्षात २००० ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट वर्षाला सुमारे ४४ टक्के होती. म्हणजे दोनशेत एक घातक मढे एवढे कारण पुरेसे होते. ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याहून बारकाईने, जेवणातले अंतर आणि नैसर्गिक मृत्युदर वेगवेगळे धरून हिशेब केला, तेव्हा निरीक्षणात आलेली घट घडवायला ७६० मढ्यांत १ ते १३० मढ्यांत १ एवढे प्रमाण लागते असे निघाले. तेव्हा बऱ्याच जणांचा आक्षेप होता की औषध एवढे कुठे वापरले जाते. हे गणित त्या आक्षेपाला उत्तर होते.

वरच्या यादीतली पहिली ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्षाला एक अंडे घालणारा पक्षी सहा टक्के जास्तीचे मृत्यू भरून काढू शकत नाही किंवा जेमतेम काढतो. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणायची रेषा दोन हजारात एकच्याही खाली आहे. दुसरी गोष्ट लहान वसाहतींची. एका मढ्यावर वीस-तीस पक्षी एकत्र बसतात, त्यामुळे मृत्यू पसरून होत नाहीत, एकगठ्ठा होतात. हजार पक्ष्यांत सरासरी खरी ठरते. तीस पक्ष्यांच्या वसाहतीत तीन वर्षे काहीच होत नाही आणि चौथ्या वर्षी एकाच दुपारी वसाहत संपते. कोकणातल्या किंवा नाशिककडच्या एखाद्या लहान वसाहतीबद्दल ‘गेली तीन वर्षे संख्या स्थिर आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ते यामुळे.

नमुने: शून्य सापडले म्हणजे शून्य नव्हे

मे २००४ ते जुलै २००५ या काळात देशभरातल्या मेलेल्या जनावरांच्या यकृताचे १,८४८ नमुने घेतले गेले. १०.१ टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक सापडले. सापडणे आणि घातक मात्रेत सापडणे यांत फरक आहे, पण गरज होती अर्ध्या टक्क्याची आणि सापडत होते दहा टक्के. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

या कामात नमुना यकृताचाच घेतात, कारण ते सहज हाती येते, सडण्याच्या सुरुवातीला तरी टिकते आणि यकृतातल्या प्रमाणावरून बाकी अंगातल्या मात्रेचा अंदाज बांधण्याची गुणोत्तरे प्रयोगातून काढलेली आहेत. काडेपेटीएवढा तुकडा, स्वच्छ सुरी, प्रत्येक नमुन्याला वेगळी पिशवी, त्याच दिवशी गोठवणे. चुका होतात त्या साध्या असतात: एकाच गोशाळेतून पन्नास नमुने घेणे (तिथला डॉक्टर एक, औषध एक, म्हणून ते पन्नास नमुने खरे तर एकच माहिती देतात), सुरी न पुसता पुढचे जनावर कापणे, म्हशी वगळणे, फक्त हिवाळ्यात फिरणे.

नमुन्यांची संख्या हा तर स्वतंत्र विषय आहे. एखाद्या जिल्ह्यात ३०० नमुने घेतले आणि एकातही औषध सापडले नाही, तर अहवालात ‘आढळ नाही’ असे लिहिले जाते. संख्याशास्त्राचा सोपा नियम असा की शून्य सापडले तर खरे प्रमाण ३ भागिले नमुन्यांची संख्या इथपर्यंत असू शकते, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. तीन भागिले ३०० म्हणजे एक टक्का. आणि एक टक्का म्हणजे वरच्या यादीत वर्षाला ७१ टक्के मृत्यू. दोन हजारात एकपेक्षा कमी हे दाखवायला ६,००० स्वच्छ नमुने लागतील. ते एका जिल्ह्याला झेपणारे नाही. म्हणून यकृताच्या नमुन्यांबरोबर दोन आणखी पुरावे जोडावेच लागतात: दुकानांची गुप्त पाहणी आणि मेलेल्या गिधाडांची शवचिकित्सा. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तरच शेरा लिहावा.

बंदी, आणि बंदीतली भोके

भारताच्या औषध महानियंत्रकांनी मे २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे परवाने मागे घ्यायला सांगितले. २००८ मध्ये राजपत्रातून बंदी पक्की झाली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६ मध्येच पाऊल उचलले. हे शक्य झाले कारण पर्याय हातात होता. मेलॉक्सिकॅम हे वेदना आणि सूज उतरवणारे औषध प्राणिसंग्रहालयांत साठ जातींच्या सातशेवर पक्ष्यांना दिल्याच्या नोंदी होत्या आणि त्यातून मृत्यू दिसला नव्हता. मग आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर, त्यानंतर आपल्याकडच्या जातींवर पायरीपायरीने चाचण्या झाल्या. शेतकऱ्याची गाय दुखण्याने तळमळत असताना ‘हे वापरू नका’ एवढेच सांगणे अन्यायाचे ठरले असते, आणि ते कोणी ऐकलेही नसते.

तरीही औषध गेले नाही. नोव्हेंबर २००७ ते जून २०१० या काळात ११ राज्यांतल्या अडीचशेहून जास्त दुकानांत पाहणी झाली, तेव्हा ३६ टक्के दुकानांत डायक्लोफिनॅक मिळत होते. बाटलीवर ‘माणसांसाठी’ असे लिहिलेले, पण बाटली ३० मिलिलिटरची. माणसाचा एक डोस ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलिलिटर. तीस मिलिलिटरची बाटली कोणत्या रुग्णासाठी? तीनशे किलोच्या गाईला १२ मिलिलिटर लागतात. बाटलीचा आकारच सांगत होता की ती गोठ्यात जाणार आहे. जुलै २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची मर्यादा एका डोसाची, ३ मिलिलिटरची झाली. आता गाईसाठी चार कुप्या फोडाव्या लागतात. महाग आणि कटकटीचे. एवढ्या साध्या बदलाला बंदीनंतर नऊ वर्षे लागली, याचे वाईट वाटते.

बंदीचा परिणाम त्याच यकृत-पद्धतीने मोजला गेला. २००७-०८ पर्यंत डायक्लोफिनॅक सापडण्याचे प्रमाण सुमारे साडेसहा टक्क्यांवर आले, आणि त्यावरून काढलेला घटीचा अपेक्षित वेग बंदीपूर्वीच्या सुमारे ४० टक्क्यांवर उतरला. सुधारणा खरी होती, पुरेशी नव्हती. पुढच्या मोजण्यांत पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची १२,००० आणि बारीक चोचीची १,००० गिधाडे भारतात उरली असावीत असा अंदाज आला. घसरण मंदावली, पण एकेकाळच्या लाखोंच्या तुलनेत हा तळ आहे.

एकाच्या जागी दुसरे

या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष रसायनशास्त्रात नाही, कामाच्या क्रमात आहे. डायक्लोफिनॅक गेल्यावर बाजाराने मेलॉक्सिकॅमबरोबर केटोप्रोफेन, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, फ्लुनिक्सिन हीसुद्धा उचलली. त्या दुकान-पाहणीतच २९ टक्के ठिकाणी केटोप्रोफेन होते. ते गिधाडांना घातक आहे हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. असिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच बदलते. म्हणजे बंदी घातलेले औषध मागच्या दाराने पुन्हा मढ्यात. या दोघांवर भारतात बंदी आली ती जुलै २०२३ मध्ये. निमेसुलाइड अंगात आणि गाऊट अवयवांवर अशी मेलेली रानटी गिधाडे सापडली होती. जनावरांसाठी त्यावर बंदी यायला डिसेंबर २०२४ उजाडले.

पुरावा २०१० चा, बंदी २०२३ ची. मधल्या तेरा वर्षांत दर वेळी एक औषध, एक प्रयोग, एक फाइल, एक समिती. नवे औषध बाजारात येण्याआधी ते गिधाडांसाठी तपासले गेले पाहिजे, आणि तपासणीचा भार ते विकणाऱ्यावर असला पाहिजे. तोवर शिफारस करायची ती तपासून निर्धोक ठरलेल्या औषधांचीच: मेलॉक्सिकॅम आणि अलीकडे टॉल्फेनॅमिक आम्ल. ‘अजून घातक सिद्ध झालेले नाही’ ही यादी शिफारशीची यादी नव्हे.

गिधाडांपलीकडे

पक्षी कमी झाल्याने परिसंस्थेत काय बदलले, हेही मूल्यांकनाचे काम आहे, आणि तिथे हिशेब माणसापर्यंत येतो. गिधाडांचा थवा बैलाचे मढे तासाभरात साफ करतो. ते नसतील तर मढे दिवसचे दिवस पडते, पाण्यात जाते, आणि त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. कुत्री वाढली की रेबीज वाढतो. २०२४ मध्ये अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांना पूर्वी अनुकूल असलेले जिल्हे आणि बाकीचे जिल्हे यांची तुलना केली. गिधाडे कोसळल्यावर पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सौर परावर्तकांचा आधार घ्यावा लागला, तेही याच कारणाने. गुरांच्या दुखण्यावरच्या स्वस्त सुईच्या खर्चात यातले काहीही कधी धरले गेले नव्हते.

एका वसाहतीसाठी काम कसे लावावे

रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून आहेत. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये सोडली गेली. सोडण्याचा निर्णय टिकतो तो भोवतालच्या मढ्यांवर, म्हणून मूल्यांकन वसाहतीभोवती करावे लागते.

वर्तुळ शंभर किलोमीटर त्रिज्येचे घ्यायचे. गिधाडे एका दिवसात लांबवर चरायला जातात, त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीपुरते काम निरर्थक आहे. शंभर किलोमीटर त्रिज्या म्हणजे ३१,००० चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र. त्यात तालुक्याची आणि बाजाराच्या गावांची दुकाने येतात, कधी शेजारच्या राज्यातलीही. नकाशावर चार गोष्टी मांडायच्या: घरटी आणि रातथारे (रात्री बसायच्या जागा), मेलेली जनावरे टाकायच्या जागा, गोशाळा, औषधांची दुकाने.

दुकानांची पाहणी ओळख सांगून केली तर काही हाती लागत नाही. गावातल्या माणसाने जाऊन ‘गाय लंगडतेय, पायाला सूज आहे, सुई द्या’ एवढेच म्हणायचे आणि दुकानदार आपणहून काय देतो ते विकत घ्यायचे. औषधाचे नाव, कंपनी, कुपीचा आकार, उत्पादनाची तारीख लिहायची. माणसांच्या औषधांची दुकाने वगळायची नाहीत. गळती तिथूनच होते. वर्षातून दोनदा, त्यातली एक फेरी पावसाळ्यात, कारण लाळ-खुरकूत, पायाच्या जखमा आणि ताप तेव्हा वाढतात. गावोगाव हिंडून सुया देणारे खासगी लोक दुकानाच्या यादीत येत नाहीत. त्यांना भेटून त्यांची पिशवी पाहणे हे वेगळे आणि संयमाचे काम आहे. दंडाची भाषा केली की पिशवी बंद होते.

गिधाड मेलेले सापडले तर घाई करावी लागते. उष्णतेत मूत्रपिंड दिवसाच्या आत गळून जाते. सर्व गिधाडे वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली असल्याने हात लावण्याआधी वन विभागाला कळवणे आवश्यक. म्हणून परवानगीची आणि शवचिकित्सा करणाऱ्या पशुवैद्याची तजवीज पक्षी मरण्याआधीच करून ठेवावी. पक्षी लगेच थंडीत ठेवायचा, गोठवायचा तो फक्त उशीर होणार असेल तर. अवयवांवर पांढरा थर आहे का, मूत्रपिंड आणि यकृताचे तुकडे, पोटातले अन्न, या चार नोंदी हव्यातच. गाऊट नसेल तर तारेचा धक्का आणि विष घातलेले मढे या शक्यता पाहायच्या. बिबट्याचा किंवा कुत्र्यांचा काटा काढायला मढ्यावर कीटकनाशक ओतले जाते आणि गिधाडांचा अख्खा थवा मरतो. तिथे डायक्लोफिनॅक शोधत बसणे म्हणजे खरा गुन्हा निसटू देणे.

फणसाड, नाशिककडचे खोरीपाडा, गडचिरोली अशा ठिकाणी गिधाडांसाठी मढी ठेवण्याच्या जागा, म्हणजे गिधाड उपाहारगृहे, चालवली गेली आहेत. चांगला उपाय, पण तो जोखीम एका जागी गोळाही करतो: एक घातक मढे आणि सगळी वसाहत त्याच ताटावर. म्हणून मढे स्वीकारताना मालकाकडून उपचाराची माहिती लेखी घ्यावी. शेवटच्या सात दिवसांत कोणतीही वेदनाशामक सुई दिलेली असेल तर मढे परत करावे. डायक्लोफिनॅकसाठी सात दिवस म्हणजे चौदा अर्धायुकाल, तीनशे मिलिग्रॅममधले सुमारे ०.०२ मिलिग्रॅमच उरते. इतर औषधांचा निचरा याहून हळू होऊ शकतो, त्यामुळे नाव माहीत नसलेल्या सुईसाठी दोन आठवडे धरावेत. माहिती मिळत नसेल तर मढे पुरावे. गोशाळेतल्या म्हाताऱ्या जनावरांना वारंवार सुया मिळतात, आणि उपाहारगृहांना मढी मिळतात ती बऱ्याचदा गोशाळांतूनच. म्हणून त्या गोशाळेच्या डॉक्टरशी मेलॉक्सिकॅमबद्दल आधी बोलणे झाले नसेल तर उपाहारगृह सुरूच करू नये.